बिनपोटाचं वाद्य

ज्योतीराम सुताराला एक खोड होती. बंद असलेली वस्तू त्याला बघवत नसे. घड्याळ दिसलं की उघड, कुलूप दिसलं की त्याच्या पोटात डोकाव. मिरजेकडून चिंचवडला बिऱ्हाड आणलं त्याच आठवड्यात त्यानं घरमालकाच्या पिठाच्या गिरणीचा स्विच खोलून ठेवला होता आणि अख्ख्या आळीचं दळण दुपारपर्यंत खोळंबलं होतं. घरमालक सोनबा हा गावातला जुना शेतकरी. दुसऱ्या कुणी भांडीकुंडी रस्त्यावर फेकली असती. सोनबानं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं आणि विचारलं, "आरं ज्योतीराम, आत काय व्हतं मग?" ज्योतीरामनं सांगितलं, आणि दोघंही खूश झाले. असल्या भाडेकरूला असलाच मालक लाभावा लागतो.

पुढं ह्याच माणसाकडं पुण्याहून, खडकीहून, एकदा तर थेट मुंबईहून लोक विजेची गिटार करून घ्यायला यायचे. गिरणीच्या मागं पत्र्याची एक शेड होती, तिथं त्याचं काम चाले. विकायला टांगून ठेवलेली गिटार त्याच्याकडं कधी दिसली नाही. एका वेळी एकच करायची, आणि ती ज्याची त्याला. आता चिंचवड म्हणजे काय, टाळ-मृदंगाचं आणि लग्नातल्या ताशाचं गाव. तिथं हे खूळ कुठून आलं, ह्याची सगळ्यांना उत्सुकता असे. विचारलं की ज्योतीराम म्हणायचा, "मेव्हण्यापायी," आणि परत रंधा मारायला लागायचा. बाकीचं सांगायला तो काही बांधील नव्हता. आपण सांगू.

ज्योतीराम पोरवयात मिरजेला एका उस्तादाच्या कारखान्यात तंबोरे करायला शिकला. भोपळा कसा वाळवायचा, भोपळ्यावरची लाकडी तबली किती पातळ करायची, तारांखालची घोडी कुठं बसवायची, सगळं हातात बसलं होतं. पण तंबोरे घेणारे थोडे आणि करणारे फार. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहायला लागला तेव्हा दारं-खिडक्यांच्या कामावर तो इकडं आला आणि इकडचाच झाला. पुढं ती कामं संपली तशी खोकी, टेबलं, पाळणे, मिळेल ते तो करू लागला. बायको सावित्रीबाई शिवणयंत्रावर आसपासच्या बायकांच्या चोळ्या-पोलकी शिवायची. पोरबाळ नव्हतं. त्याचं दुःख दोघांनाही होतं, पण एकमेकांसमोर ते काढायचं नाही असं ठरल्यासारखं होतं.

सावित्रीबाईचा धाकटा भाऊ सयाजी एका नाटक कंपनीत फिडल वाजवायचा. बोलपटांपुढं नाटक कंपन्या एकेक करून बसल्या, त्यात ह्याचीही बसली, आणि सयाजी बहिणीच्या आसऱ्याला आला. पुण्याकडच्या एका लहानशा वर्कशॉपात त्याला प्रेसवर काम लागलं. फिडल वाजवणाऱ्यानं पत्रे कापायच्या प्रेसवर बसावं, हे मुळातच चुकीचं होतं, पण पोट कुणाला चुकलंय? नवे पैसे चालू झाले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात प्रेस खाली आला आणि सयाजीच्या डाव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली.

दवाखान्यातून तो आला तो डाव्या हाताला पंचा गुंडाळून. जखम भरली, पण पंचा सुटला नाही. जेवताना पंचा, झोपताना पंचा, अंघोळ करायची ती न्हाणीचं दार लावून. फिडल त्यानं कुणाला देऊन टाकली ते बहिणीलाही सांगितलं नाही. आधी हा माणूस बसल्याजागी गुणगुणायचा, चहा पिताना पेल्यावर बोटं वाजवायचा. आता विचारलं तेवढं बोलायचं. बघितल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही तो ज्योतीराम त्या पंच्याकडं मात्र कधी रोखून बघायचासुद्धा नाही. सावित्रीबाई शेजारणीला एकदा म्हणाली, "बोटं गेली तर जाऊ देत बाई. त्यानं तो हात बाहेर काढावा, एवढंच मागणं हाय माझं." ज्योतीरामनं ते आतून ऐकलं. तो उगाच एक चांगली पटाशी पुन्हा धारेला लावत बसला.

आणि मग एके दिवशी स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा पिताना रेडिओवर सिनेमाचं गाणं लागलं. गाणं संपत आलं आणि बाईच्या आवाजामागून दुसराच एक आवाज सरकत वर गेला. सारंगी नव्हे, फिडल नव्हे, बासरी तर नव्हेच. तारेचा आवाज, पण मधे कुठं पायरी नाही. ज्योतीरामचा चहा बशीतच राहिला.

"हे काय वाजतंय?" त्यानं गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं.

"गाणं," तो म्हणाला.

ह्यापेक्षा जास्त माहिती तिथं मिळण्यासारखी नव्हती. ज्योतीराम तसाच उठून पिंपरीला गेला. तिथं निर्वासितांच्या कॅम्पाच्या तोंडाशी बबनरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बबनराव लष्करात वायरलेसवर नोकरी करून आलेला माणूस. त्यांनी गालातल्या गालात हसून सांगितलं, "मिस्त्री, ती विजेची गिटार. मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून लोखंडी कांडी फिरवतात."

"फिरवतात म्हणजे? बोटानं तार दाबायची न्हाई?"

"नाही. डाव्या हातात कांडी धरायची आणि सरकवायची. उजव्या हातानं तार छेडायची."

ज्योतीराम काउंटरपाशी उभाच राहिला. बोटानं तार दाबायची नाही. नुसती कांडी धरायची. त्यानं आपल्या डाव्या हाताची पहिली दोन बोटं मिटून बघितली आणि राहिलेल्या बोटांत टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर धरून बघितला. तो निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. "मूठ लागंल," तो स्वतःशीच म्हणाला. बबनरावांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी आपला स्क्रू-ड्रायव्हर परत घेतला.

गणेशोत्सवात पुण्याला एका मेळ्यात तसलं वाद्य येणार असल्याचं बबनरावांनीच शोधून काढलं. ज्योतीराम पुढच्या रांगेत जाऊन बसला. गाणी कुठली झाली, कोण गायलं, त्याला पत्ता नाही. मध्यंतर झाल्याबरोबर हा गडी सरळ स्टेजवर चढला आणि वाद्याच्या खाली वाकून बघायला लागला. दोन कार्यकर्त्यांनी दंड धरून त्याला उतरवायला घेतलं, तेवढ्यात वाजवणारा, गोव्याकडचा एक जाडसा गृहस्थ, म्हणाला, "सोडा रे त्याला. चोरायचं तोंड नाही त्याचं."

त्यानं ज्योतीरामला वाद्य हातात घेऊ दिलं. ज्योतीरामनं पाठीमागून टकटक केलं आणि त्याचा चेहरा पडला.

"हे तर भरीव हाय!"

"होय तर."

"पोट न्हाई ह्याला?"

"पोट कशाला? आवाज लाकडातून येत नाही, बाबा. हा बघ, तारांखाली डबा आहे. ह्यात चुंबक आणि चुंबकाला गुंडाळलेली बारीक तार. टेलिफोनमध्ये असतं तसलं. वरची तार हलली की त्याला कळतं, आणि ते रेडिओला सांगतं."

मिरजेत ज्याची हाडं मुरली त्या माणसाला हे पचायला जड होतं. उस्ताद सांगायचा, वाद्याला पोट पाहिजे आणि पोटाला खर्जाची पितळी तार पाहिजे. बाकी सगळी सजावट. आता पोटच नाही म्हटल्यावर राहिलं काय? ज्योतीराम तसाच वितीनं लांबी-रुंदी मोजून घरी आला. वाटेत आगगाडीत शेजारच्या माणसाला त्यानं "आवाज लाकडातनं येत न्हाई" हे इतक्या वेळा सांगितलं, की तो माणूस खडकीलाच उतरून दुसऱ्या डब्यात गेला.

काम सुरू झालं ते घरात कुणाला न सांगता. सोनबानं जुन्या दरवाजाची एक सागवानी फळी दिली, वर्षानुवर्षं ऊन-वारा खाऊन हाडासारखी कडक झालेली. पुण्याच्या जुन्या बाजारात लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानाचे ढीग असत. तिथून कानाला लावायचे फोन आणले, त्यातलं चुंबक आणि केसासारखी तार सोडवली. ती तार हजारो वेढे गुंडाळायची कशी, ह्यावर घोडं अडलं. बबनराव म्हणाले, "त्याला वाइंडिंग मशीन लागतं." ज्योतीराम घरी आला आणि सावित्रीबाईच्या शिवणयंत्राकडं बघत राहिला. यंत्राच्या चाकाशी बॉबिन भरायची चकती असते. दोरा भरतो तशी तार का भरू नये?

"माझ्या यंत्राला हात लावायचा न्हाई," सावित्रीबाई न बघताच म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या नजरेचा रोख तिला पाठीतूनही कळे.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. लोखंडी कांडी, सरकणारा आवाज, आणि बोटानं दाबावं लागत नाही ते. ती शिवायचं थांबली. मग तिनं अर्धं शिवलेलं पोलकं बाजूला ठेवलं आणि स्वतःच चकतीवर लाकडी रीळ बसवलं. "चाक मी फिरवती. तुमी तार धरा. तुमचा हात जड हाय, तुटंल." गिऱ्हाइकं पोलक्यांसाठी हेलपाटे घालत राहिली आणि ही दोघं नवरा-बायको दारं लावून तार गुंडाळत बसली. आळीत काय काय बोललं गेलं ते सांगण्यात अर्थ नाही.

तारांची वेळ आली तेव्हा ज्योतीरामनं मिरजेच्या उस्तादाला निरोप धाडला. वरच्या चार तारा पोलादी. पण खालच्या दोन, खर्जाच्या, त्यानं अस्सल पितळेच्या मागवल्या, तंबोऱ्याला घालतात तशा. पोट तर गोव्याच्या पाहुण्यानं काढूनच घेतलं होतं. निदान खर्ज तरी आपला असू दे, असा त्याचा विचार. उस्तादानंही प्रेमानं निवडून तारा पाठवल्या. आणि कांडीला त्यानं शिसवीची मूठ केली, अंगठा आणि शेवटची दोन बोटं एवढ्यात धरता येईल अशी. माप कुठून घेणार? सयाजीचा हात पंच्यात. आपलीच दोन बोटं मिटून, अंदाजानं, त्यानं ती कोरली.

सयाजीला शेडमध्ये आणायचं काम सावित्रीबाईनं केलं. काय बोलून आणलं कोण जाणे. शेडमध्ये बबनरावांनी आपला रेडिओ आणून जोडून ठेवला होता. सोनबानं गिरणी बंद केली होती, कारण गिरणी चालू असली की त्या रेडिओतून नुसता घूं आवाज यायचा. सयाजी पाटावर बसला. वाद्य त्यानं मांडीवर घेतलं नाही, समोर खोक्यावरच राहू दिलं. पंचा गुंडाळलेला हात मांडीखाली आणि उजव्या हाताचं एक बोट पुढं.

पहिली तार छेडली. रेडिओतून असा खणखणीत सूर आला की सोनबा "आयला!" म्हणून मागं सरकला. दुसरी वाजली, तिसरी वाजली, चौथी वाजली. प्रत्येक तारेबरोबर सयाजीची मान थोडी थोडी वर येत होती आणि सावित्रीबाई त्या मानेकडं बघत होती. त्यानं पाचवी तार छेडली. रेडिओ गप्प. सहावी छेडली. गप्प. जवळ कान नेला तर तार नुसती लाकडावर किणकिणत होती, माशीच्या गुणगुणण्याएवढी. सयाजीनं दोन्ही तारा पुन्हा छेडल्या, जोरानं छेडल्या. मग त्यानं बोट मागं घेतलं.

"दाजी," तो म्हणाला, "ह्याचीबी दोन बोटं गेल्यात."

आणि उठून गेला.

हसावं की रडावं अशी ती गोष्ट. कुणी हसलं नाही. बबनराव रेडिओची वायर गुंडाळायला लागले. सावित्रीबाईनं नवऱ्याकडं असं बघितलं की त्याला जमिनीत शिरावंसं वाटलं. "त्याला चिडवाय केलंसा व्हय हे?" ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून घरात गेली. त्या दिवशी ज्योतीरामला खरोखर लाज वाटली. काम बिघडल्याची नव्हे, काम तर सुताराचं बिघडतंच. मान वर आली होती आणि आपल्यामुळं पुन्हा खाली गेली, ह्याची.

दोन दिवसांनी सयाजीनं जेवताना सांगितलं की लोणावळ्याकडं एका बंगल्यावर राखणदार पाहिजे आहे आणि तो तिथं जाणार. बंगल्याचे मालक वर्षातून एकदा येतात, बाकी माणूस नाही.

"तिथं तुला जेव म्हणणारं कोण हाय?" सावित्रीबाईनं विचारलं.

"तेच बरं," सयाजी म्हणाला.

हा आता गेला की पंच्यातला हात कायमचा पंच्यात राहणार, हे ज्योतीरामला कळत होतं. त्यानं गुंडाळलेली तार सगळी सोडवली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. त्याच्या मते खोट तिथंच होती. दोन तारांच्या खाली कुठं तरी वेढा तुटला असणार. सावित्रीबाई त्याच्याशी बोलत नव्हती, पण चाक फिरवायला बसली. रुसव्यातही चाक एका चालीत फिरत होतं. नवी गुंडाळी बबनरावांनी मीटर लावून तपासली. "मिस्त्री, हिच्यात खोट नाही. आधीच्यातही नव्हती." तरीही पाचवी आणि सहावी मुकी ती मुकीच. त्यानं चुंबक सरकवून बघितलं, घोडी उचलून बघितली, फळी उलटी करून तिच्याकडं रागानं बघितलं. खर्जाच्या तारांवर संशय घ्यावा असं त्याच्या मनात एकदाही आलं नाही. उस्तादाच्या पितळेवर संशय घ्यायचा म्हणजे काय? त्यापेक्षा चुंबकानं वीज खाल्ली असेल, फळीला दृष्ट लागली असेल, काहीही असेल.

शेवटी त्यानं हात टेकले आणि शेड आवरायला घेतली. पाळण्याचं एक काम राहिलं होतं, त्यासाठी खिळे-स्क्रू हवे होते आणि डबा नेमका जमिनीवर सांडला. भुश्श्यातून एकेक वेचण्यापेक्षा त्यानं जुन्या फोनमधलं उरलेलं चुंबक घेतलं आणि भुश्श्यावरून फिरवलं. खिळे टपाटप चिकटले. लोखंडी स्क्रू चिकटले. पितळेचे स्क्रू खाली तसेच पडून राहिले.

ज्योतीरामनं खिळे झटकले आणि पुन्हा फिरवलं. पितळेचे स्क्रू हलेनात. तिसऱ्यांदा फिरवलं. मग तो तिथंच भुश्श्यात बसकण मारून बसला आणि आपल्या कपाळावर थाड्‌दिशी मारून घेतलं. चुंबकाला पितळ कळत नाही, हे त्याला माहीत नव्हतं का? शेंबड्या पोराला माहीत असतं. जन्मभर तो असेच खिळे वेचत आला होता. पण वाद्य म्हटलं की त्याच्या डोक्यात मिरज बसलेली, आणि मिरजेत चुंबक नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"सावित्री!" तो ओरडत घरात गेला. "पितळ मुकं हाय! चुंबकाम्होरं पितळ मुकं हाय!"

पंधरवड्यात नवऱ्याशी न बोललेली सावित्रीबाई बोलली ती हीच, "मग लोखंडाची घाला की."

"जाड लोखंडी तार खर्जात बोलत न्हाई. टणक असती, नुसती ठणठण करती. वरनं पितळेचं वजन पाहिजे, तवा ती घुमती."

सावित्रीबाई एका गिऱ्हाइकाच्या चोळीला जरीचा काठ लावत होती. तिनं काठाचा एक धागा नखानं उसवला आणि त्याच्यासमोर धरला. धातूची बारीक पट्टी सुटून कुरळी झाली आणि आतून पिवळं रेशीम दिसलं. "जरीत काय असतंय? आत रेशीम, वर तार. तुमी आत लोखंड घाला, वर पितळ गुंडाळा."

ज्योतीरामनं बायकोकडं बघितलं. मग धाग्याकडं. मग परत बायकोकडं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्यानं तिच्याकडं बघितलं होतं, त्याच्यापेक्षा हे बघणं जास्त वेळ चाललं असावं. "काय बघताय?" ती म्हणाली आणि यंत्राच्या चकतीवरचं रीळ काढायला लागली. पोलादी तार ताणून धरायची, एका टोकाला ती चाकाबरोबर फिरवायची, आणि तिच्यावर पितळेची बारीक तार वेढ्याला वेढा चिकटवत आणायची. चार तारा वाया गेल्या. पाचवी आणि सहावी जमली.

सयाजीची वळकटी बांधून झाली होती. दुपारच्या गाडीनं तो जाणार होता. त्या दिवशी सोनबाची गिरणी आपोआपच बंद होती, दगडांना टाकी लावायचं काम निघालं होतं. सोनबा गिरणीच्या पायरीवर बसून छिन्नीनं दगड टोचत होता आणि टक टक असा आवाज सगळ्या अंगणात चालला होता. ज्योतीरामनं सयाजीला बोलावलं नाही. आता कुठल्या तोंडानं बोलावणार? त्यानं एकट्यानंच तारा चढवल्या, रेडिओ लावला आणि सहावी तार छेडली.

आवाज आला. खोल, भरलेला, सावकाश विरणारा. शेडचा पत्रा थरथरला. सोनबाची छिन्नी हातातच राहिली. सावित्रीबाई दारात येऊन उभी राहिली, तिच्या हाताला कणीक होती. ज्योतीरामनं पाचवी छेडली, मग सगळ्या एकामागून एक छेडल्या, आणि मग कांडी घेऊन सरकवायला गेला. आता खरं सांगायचं तर ज्योतीरामला वाद्य करता येई, वाजवता येत नसे. त्यानं जे काही वाजवलं त्यानं सोनबाचं कुत्रं उठून लांब गेलं. पण तो थांबला नाही. आवाज येतोय, एवढ्यावरच तो खूश होता.

"पंचम उतरलाय."

सयाजी दारात उभा होता. खांद्यावर वळकटी होती.

"काय?" ज्योतीराम म्हणाला.

"पंचम उतरलाय, दाजी. कवाधरनं उतरल्याला वाजवताय. ऐकू येईना व्हय?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

सयाजीनं वळकटी खाली ठेवली. तो आत आला, पाटावर बसला आणि उजव्या हातानं खुंटी पिळू लागला. थोडी पिळायची, तार छेडायची, मान कलती करून ऐकायची, पुन्हा पिळायची. एक झाली, दुसरी झाली. खर्जाची तार लावताना त्यानं डोळे मिटले. तार लागली तेव्हा दारातल्या सावित्रीबाईलाही कळलं, कारण शेडमधली बाकीची सगळी हवा एकदम गप्प झाल्यासारखी वाटली. त्यानं वाद्य उचललं आणि मांडीवर घेतलं.

मग बराच वेळ तो नुसता कांडीकडं बघत राहिला. सयाजीनं पंच्यासकट डावा हात वर घेतला आणि पंच्यातूनच मूठ धरली. कांडी तारांवर टेकवली, एक सूर छेडला, कांडी सरकवली. सूर सरकत वर निघाला. अगदी तोच आवाज, हॉटेलात ऐकलेला. आणि अर्ध्या वाटेत मूठ हातातून फिरली, कांडी निसटली आणि खणकन तारांवर आदळली.

त्यानं पुन्हा धरली. पुन्हा निसटली. सावित्रीबाईनं डोळे मिटून घेतले. आता हा उठणार, वळकटी उचलणार आणि जाणार.

"मूठ चुकलीया," सयाजी म्हणाला.

"अंदाजानं केली," ज्योतीराम खाली बघत म्हणाला. "माझ्याच हातावरनं."

"तुमच्या हातावरनं माझी कशी व्हईल?"

सयाजी वाद्य मांडीवर तसंच ठेवून बसला होता. त्यानं दातांनी पंच्याची गाठ सोडली. एकेक वेढा काढला. पंचा खाली पडला आणि त्यानं तो हात, उन्हाळ्यापासून कुणी न बघितलेला, समोरच्या खोक्यावरच्या फळीवर उताणा नाही, पालथा, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. पांढरा पडला होता तो. अंगठा, मग दोन आखूड खुंट, मग दोन बोटं.

"घ्या माप," तो म्हणाला.

ज्योतीरामनं कानावरची पेन्सिल काढली आणि टोक असूनही ती पटाशीनं पुन्हा तासायला लागला. सावित्रीबाईनं पदराला कणीक पुसली, पुढं होऊन त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. मापं घेणं तिचं रोजचंच काम. ती फळीपाशी गुडघ्यावर बसली आणि भावाच्या मनगटापासून रेघ काढायला लागली. अंगठ्याभोवती पेन्सिल फिरली. त्याच्यापुढं आली तशी ती थांबली, आणि तिथलं तेवढं टाळून पेन्सिल तिनं पलीकडच्या बोटाशी नेली.

"आक्का," सयाजी म्हणाला, "तिथंबी काढ. सोडू नगंस."